टोलमाफी, नंबरप्लेट आणि अधिसूचना

ठाण्याहून मुंबईत शिरणाऱ्या मोटारीला आनंदनगरच्या नाक्यावर भरावे लागणारे ४५ रुपये १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफ झाले. विधिमंडळात कायदा बदलून नव्हे, तर मंत्रिमंडळाच्या निर्णयाने. वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर या पाच नाक्यांवरील वसुली मुंबईतील ५५ उड्डाणपुलांच्या खर्चापोटी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने सुरू केली होती. टोल हा राज्यसूचीतील, म्हणजे राज्याच्या अधिकारातील विषय असून १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमाच्या कलम २० नुसार तो राज्य सरकार बसवते, आणि कोणाला सूट द्यायची हेही अधिसूचनेने, म्हणजे राजपत्रातील आदेशाने, ठरवते. २०१५ मध्ये ५३ नाक्यांवर लहान वाहनांना अशीच सूट मिळाली, तेव्हा हे पाच नाके मात्र वगळले गेले. जी सवलत आदेशाने मिळते ती आदेशानेच काढूनही घेता येते, ही या व्यवस्थेतील उणीव आहे.

नाक्याची जागा हीच वादाचे मूळ होती. मुलुंड पूर्वेतील हरीओमनगर मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही नाक्यापलीकडे पडल्याने तेथील रहिवाशांना आपल्याच शहरात यायला वर्षानुवर्षे टोल भरावा लागला. ‘एमएच ०४’ क्रमांकाच्या गाड्यांना सूट द्या, ही ठाणेकरांची मागणीही त्यातूनच पुढे आली. ती समजण्याजोगी असली तरी नंबरप्लेट गाडीची नोंदणी कोठे झाली एवढेच सांगते, मालक राहतो कोठे हे नव्हे. शिवाय शीळफाटा-महापेमार्गे ऐरोलीच्या नाक्यावर येणारा डोंबिवलीकर ‘एमएच ०५’चा, म्हणून त्याने तो भार का सोसावा, याचे उत्तर त्या मागणीत नव्हते.

नंबरप्लेटचे नियम मात्र केंद्राचे आहेत, कारण मोटार वाहने हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अधिकारात येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम ५० नुसार क्रमांक इंग्रजी अक्षरांत व अंकांत लिहावा लागतो, त्यामुळे ‘दादा’ वाचता यावे म्हणून देवनागरीत रंगवलेला ४१४१, कितीही हौसेचा असला तरी, नियमबाह्यच ठरतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही आता उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवावी लागते. ॲल्युमिनियमच्या या पाटीवर अशोकचक्राचे होलोग्राम असते, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि ती ज्या खिळ्यांनी बसवतात ते तोडल्याशिवाय निघत नाहीत. चोरीच्या गाडीला दुसरी पाटी लावणे त्यामुळे अवघड होते. राज्याच्या हाती उरते ती अंमलबजावणी, आणि तिची मुदत ३१ मार्च २०२५ पासून पुढे अनेकदा वाढवली गेली.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून राज्यातील टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. या पाच नाक्यांवर सूट न मिळालेल्या मालमोटारींनी तो लावला नसेल, तर त्यांना दुप्पट टोल भरावा लागतो.