रविवारी पोट दुखत नाही, मग सोमवारीच का?



वस्तीतल्या एका ताईंनी दुसरीतल्या लेकीला माझ्याकडे आणलं. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. जंताची गोळी देऊन झाली, लघवी तपासली, डॉक्टरांनाही काही सापडलं नाही. मी विचारलं, "रविवारी दुखतं का?" ताई गप्प झाल्या. रविवारी कधीच दुखत नव्हतं.

जवळ घेऊन बोलल्यावर पोर म्हणाली, डबा खाताना मुली तिच्यापासून सरकून बसतात. 'तुम्ही जयभीमवाले ना?' म्हणतात.

पोर नाटक करत नव्हती. भीती वाटली, अपमान झाला की मेंदू शरीराला धोक्याचा इशारा देतो आणि पोटात खरोखर कळ येते. लहान मुलांकडे दुःख सांगायला शब्द कमी असतात, म्हणून त्यांचं शरीर बोलतं.

'पोरं विसरतात' असं म्हणू नका. सातारच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. शिपाई नसला की पाणी मिळत नसे. हे त्यांनी मोठेपणी लिहून ठेवलं. इतक्या वर्षांनीही ते विसरले नव्हते.

मूल पुन्हा अंथरुणात लघवी करू लागलं, झोपेत दचकू लागलं, डबा न खाता परत आणू लागलं, एकदम गप्प किंवा चिडखोर झालं, तर लक्ष द्या. ताप, उलट्या, वजन घटणं, पोटदुखीने रात्री जाग येणं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

घरी काय कराल?

- 'आज काय शिकवलं?' एवढंच विचारू नका. 'डबा कोणासोबत खाल्लास? आज कशाचं वाईट वाटलं?' असंही विचारा.
- मूल बोलत असताना मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवा. मध्येच उपदेश नको.
- 'तूच काहीतरी केलं असशील' म्हणू नका. 'सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' म्हणा.
- मारून शाळेत पाठवू नका, पण शाळाही सोडवू नका.
- आईवडिलांनी मिळून शिक्षकांना भेटा. काय घडलं ते तारखेसह वहीत लिहून ठेवा.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हींना बंदी आहे. महापालिका वा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. वंचित घटकांतील पालकांनाही त्यात प्रमाणात जागा आहे. बायांनो, त्या जागेवर बसा आणि बोला. मूल संकटात असेल तर 1098 वर, मनाच्या त्रासासाठी 14416 वर मोफत फोन करता येतो.

त्या ताई नवऱ्याला घेऊन शाळेत गेल्या. बाईंनी ऐकून घेतलं. आता सगळा वर्ग गोल करून डबा खातो आणि बाई मधे बसतात. पोटदुखी एका दिवसात गेली नाही, हळूहळू कमी झाली. परवा पोर आईला म्हणाली, "उद्या दोन चपात्या जास्त दे, मैत्रिणीला पाहिजेत."