मेला म्हणेस्तोवर उठला

सेव्ह पॉइंटचा विषय या आठवड्याला ठरला होता, पण तो आता पुढच्या खेपेला. मुरगूडच्या एका वाचकांची चिठ्ठी आली आहे आणि ती वाचल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. ते लिहितात : ‘बॉसचा एचपी शून्य झाला म्हणजे तो मेला. मग त्याने रूप बदलून, सगळी लाइफ भरून परत उभं राहायचं, ही शुद्ध चीटिंग नाही का? आमच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्येसुद्धा आऊट म्हणजे आऊट!’

चीटिंग आहेच. फक्त ती करण्याचीही एक रीत असते. रीत पाळली तर खेळणारा हसत हसत शिव्या घालतो. नाही पाळली तर नुसत्याच घालतो.

आपल्या भागातल्या, आता चाळिशी ओलांडलेल्या मंडळींनी रूप बदलणारा बॉस पहिल्यांदा पाहिला तो बहुधा ‘मुस्तफा’मध्ये. कॅपकॉम कंपनीच्या 1993 च्या या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. पण ते नाव आपल्याकडे कुणी घेतलंच नाही. पिवळ्या टोपीचा मुस्तफा पळत येऊन लाथ घालायचा, तो सगळ्यांचा लाडका, म्हणून गेमच मुस्तफा. शेवटी डॉक्टर फेसेनडेन नावाचा शास्त्रज्ञ भेटतो. त्याला बडवावं तर तो माणसाचा डायनासोरसारखा राक्षस होऊन अंगावर येतो. आणि इथे आपली कॉइन संपतात. पार्लरवाल्याचं गणित सरळ होतं : राक्षसाने जितकी रूपं घ्यावीत तितका गल्ला भरावा. त्या चीटिंगला निदान कारण तरी होतं.

रोल-प्लेइंग गेममध्ये मात्र कॉइन नाही. गेम एकदा विकत घेतला की तुम्ही दहा तास खेळा नाहीतर शंभर, कंपनीला फरक पडत नाही. तरी तिथेच हा प्रकार सगळ्यात जास्त फोफावला.

जपानमध्ये 1986 साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. कल्पना युजी होरी यांची, राक्षसांची चित्रं अकिरा तोरियामा यांची. हे तोरियामा म्हणजे ‘ड्रॅगन बॉल’वाले. अख्खा गेम 64 किलोबाइटचा. त्यात नकाशा, गावं, संवाद, संगीत, राक्षस, सगळं बसवायचं. शेवटच्या किल्ल्यात खोल तळघरात ड्रॅगनांचा राजा बसलेला असतो, अंगात झगा घातलेला मांत्रिक. तो आधी लढत नाही, सौदा करतो : माझ्या बाजूला ये, अर्धं जग तुझं. मूळ आवृत्तीत ‘हो’ म्हणालात तर पडदा काळा होतो आणि खेळ तिथेच खलास. ‘नाही’ म्हणालात तर मांत्रिकाशी लढाई. तो पडतो आणि मग खरं रूप दाखवतो : अजस्र ड्रॅगन. मध्ये श्वास घ्यायला उसंत नाही. पहिल्या लढाईत तुमचा जितका जीव उरला असेल तितक्यावरच दुसरी सुरू.

गेल्या गाळप हंगामात बिद्री कारखान्यावर याचा प्रयोग डोळ्यांनी पाहिला. ऊस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरांची रांग लांबलचक, नंबर लागायला रात्र होणार हे सगळ्यांना माहीत. एक पोरगा ट्रॉलीच्या सावलीला बसून फोनवर नेमका हाच जुना गेम खेळत होता. आजूबाजूचे सगळे बंदुका चालवण्यात दंग आणि हा तलवार घेऊन तळघरात! मी शेजारी टेकलो. मांत्रिक पडला, पोराने मूठ आवळली, आणि पडद्यावर ड्रॅगन उभा राहिला.

‘आयला, ह्यो आणि कोण?’

‘तोच आहे,’ मी म्हटलं.

‘असं कसं ओ काका? मेला म्हणून बिनधास्त झालो की. सगळा पाला पहिल्यालाच संपवला.’

पाला म्हणजे जखम भरणारी औषधी वनस्पती, या गेममधली स्वस्त पण सगळ्यात मोलाची वस्तू. पोराने सवयीने मंत्र टाकला. ड्रॅगनवर काही फरक नाही. दुसरा टाकला, तेच. ड्रॅगन आग ओकला आणि दोन-तीन फुंकरांत आपला वीर आडवा. पोरगं थोडा वेळ गप्प बसलं, मग स्वतःशीच म्हणालं, ‘मंत्र चालत नाहीत ह्याच्यावर. नुसती तलवार मारायची आणि मंत्र जखमेसाठी ठेवायचे.’

मुरगूडकरांना उत्तर द्यायचं तर ते या पोराने माझ्या आधीच दिलं आहे. दुसरं रूप म्हणजे नुसतं नवं शरीर नाही. त्याच्याबरोबर कायदा बदलतो. पहिल्या रूपाने तुम्हाला एक सवय लावलेली असते : मंत्र टाका, पाला खा, परत मंत्र टाका. दुसरं रूप येतं ते ती सवय मोडायला. कायदा न बदलता फक्त शिंगं वाढवली, पंख चिकटवले आणि एचपी दुप्पट केला तर ते रूपांतर नव्हे, ते वेषांतर. असे आळशी बॉस शेकड्याने पडले आहेत आणि त्यांच्याबद्दल तुमची तक्रार शंभर टक्के मान्य.

तोरियामांना हे गणित चांगलं कळलेलं होतं, असं मला वाटतं. पुढे ‘ड्रॅगन बॉल’मध्ये त्यांनी फ्रीझा नावाचा खलनायक काढला. तो रूप बदलत आधी धिप्पाड होतो, मग ओंगळ, आणि शेवटच्या रूपात चक्क आटोपशीर, गुळगुळीत, जवळजवळ साधा. टीव्हीवर तो भाग पाहिलेल्यांना आठवेल, भीती नेमकी त्या साध्या रूपाचीच वाटली होती.

चीटिंगची हद्द पाहायची असेल तर 2019 चा ‘सेकिरो’ घ्या. तो रोल-प्लेइंग नव्हे, पण त्याच्या भाऊबंदातला. त्यात एक दांडगा वानर आहे. तासभर झटून तुम्ही त्याचं मुंडकं उडवता. पडद्यावर मोठ्या अक्षरांत, प्रत्येक बॉस मेल्यावर येते ती विजयाची पाटी येते. म्हणजे खुद्द गेमने सांगितलं की तुम्ही जिंकलात. तुम्ही कंट्रोलर खाली ठेवता, आणि तो वानर उठतो, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात स्वतःचं मुंडकं. इथे पंचच फितूर! पण मला हे आवडतं, कारण उठलेला वानर पूर्वीसारखा उड्या मारत नाही. तो सरपटतो, अडखळतो, तलवारीचा फटका वेड्यावाकड्या वेळी टाकतो. पहिल्या रूपात शिकलेली वेळ साधण्याची सगळी कला फुकट.

याच्या उलट ‘फायनल फँटसी 7’ मधला सेफिरॉथ. जगात इतका गाजलेला दुसरा बॉस नसेल, आणि माझ्या मते त्याच्या शेवटच्या रूपाइतका फुगवलेलाही नसेल. तो ‘सुपरनोव्हा’ नावाचा हल्ला करतो. दूर कुठेतरी तारा फुटतो, मग गुरू, शनी यांच्या चिंध्या करत लोट सूर्यापर्यंत येतो, सूर्य फुगतो, सगळं मिळून जवळजवळ दोन मिनिटं. आणि नुकसान किती? तुमच्या उरलेल्या जिवाचे सोळापैकी पंधरा भाग. म्हणजे हिशोबानेच या हल्ल्याने कुणी मरू शकत नाही! सूर्यमाला दर दोन-तीन डावांनी जळते आणि तुम्ही एक औषध पिऊन परत उभे.

आता उलटी बाजू. रूप बॉसनेच बदलावं असं कुठे आहे? 1991 च्या ‘फायनल फँटसी 4’ मध्ये नायक सेसिल हा काळ्या चिलखतातला योद्धा. राजाच्या हुकमावरून त्याने निरपराध गावं उजाडलेली आहेत. पुढे एका डोंगरावर त्याचं रूपांतर होतं, काळा योद्धा पांढरा होतो, आणि त्याच क्षणी समोर आरशातून त्याचंच जुनं रूप बाहेर येतं : काळं चिलखत, काळी तलवार. ही बॉस फाइट मी आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात धीट. जिंकायचं कसं? मारायचंच नाही. तो मारत राहतो, तुम्ही ढाल धरून सोसत राहायचं. हात उचललात तर लढाई लांबते. इतके तास ज्या बटणाने तुम्ही जग जिंकत आलात, ते बटण न दाबणं हाच विजय. आणि बक्षीस काय? सेसिलची लेव्हल परत एकवर येते. घाम गाळून कमावलेलं सगळं गेलं, ओळखीचा योद्धा नवशिका झाला. आजच्या कुठल्या कंपनीने हे केलं तर खेळणारे मोर्चा काढतील.

चिठ्ठीच्या शेवटी मुरगूडकरांनी एक ओळ जोडली आहे : ‘आपल्या पुराणात तरी असलं नाही.’ अहो, आपल्याच पुराणात आहे! सप्तशतीचा तिसरा अध्याय उघडा. महिषासुर रेडा होऊन धुमाकूळ घालतो. देवी पाश टाकते, तो सिंह होतो. सिंहाचं डोकं उडवावं तर हाती खड्ग घेतलेला पुरुष होतो. पुरुषाला बाणांनी विंधावं तर हत्ती होऊन देवीच्या सिंहाला सोंडेने ओढू लागतो. सोंड तोडली की पुन्हा रेडा. प्रत्येक रूपाला वेगळं हत्यार, वेगळा उपाय. कुठल्याही गेम डिझायनरने भिंतीवर लावावा असा तक्ता आहे हा.

आणि शेवट तर आजच्या गेमवाल्यांच्या पुढे गेलेला. गेममध्ये बॉस रूप बदलत असताना त्याला मारता येत नाही. पडद्यावर प्रकाश, गडगडाट, आणि तुमची तलवार हवेतून आरपार. तेवढा वेळ तो अजिंक्य, हा जवळजवळ सगळीकडचा नियम. सप्तशतीत नेमकं उलटं. देवी रेड्याच्या मानेवर पाय रोवते, त्याच्या तोंडातून नवं रूप अर्धवट बाहेर येतं, आणि त्या अर्धवट अवस्थेतच ती त्याचं शिर उतरवते. रूप पूर्ण होऊच देत नाही. नवरात्रात अष्टमीला अंबाबाईची महिषासुरमर्दिनीच्या रूपात पूजा बांधतात, तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या किती जणांच्या मनात हे येत असेल कोण जाणे. माझ्या मात्र दरवर्षी येतं.

पण कोल्हापूरची खरी मिजास महिषासुराची नाही, ती कोल्हासुराच्या घराण्याची. अंबाबाईने कोल्हासुराला मारलं, गावाला त्याचं नाव राहिलं, इथवर शाळेतली पोरंही सांगतात. पुढचं कथानक कमी सांगितलं जातं. त्याचा मुलगा कामाक्ष. हा स्वतः रूप बदलत बसला नाही. त्याच्या हाती योगदंड आला आणि त्याने समोरच्यांचीच रूपं बदलली : अंबाबाईसकट सगळ्या देवांच्या शेळ्यामेंढ्या करून टाकल्या.

रोल-प्लेइंग खेळणारा इथे ताडकन उठून बसेल. आपल्या माणसाला प्राणी करून टाकणं हा या गेमांतला जुना छळ आहे. ‘फायनल फँटसी 4’ मध्येच बेडूक होतो, डुक्कर होतो. बेडूक झालेला जादूगार काय मंत्र म्हणणार? ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या 2004 च्या गेममध्ये जादूगार शत्रूची सरळ मेंढी करतो. आपल्या कामाक्षाने मात्र एकेकाला गाठत न बसता अख्खी टोळीच एका फटक्यात मेंढरांच्या कळपात घातली. उरली एकटी त्र्यंबोली देवी. तिने योगदंड काढून घेतला, कामाक्षाला मारलं आणि देवांना पूर्ववत केलं.

मग विजयाचा सोहळा झाला आणि त्र्यंबोलीलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली. अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. आजही ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्याच, टेकडीवर जाते आणि तिथे कुमारिकेच्या हातून त्रिशुळाने कोहळा फोडला जातो. फुटला रे फुटला की तुकड्यांसाठी जी झुंबड उडते ती एकदा अनुभवावी. बॉस पडल्यावर माल लुटायला धावणारी टोळी दुसरं काय करते?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ काढला तेव्हा मला याच गोष्टीची आठवण झाली होती. राखीच्या दिवशी भाऊ पळवला जातो, बहीण दुर्गेचं त्रिशूळ घेऊन महाबलासुराच्या मागे निघते. देखणा गेम, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट, भिंतींवरची चित्रं थांबून पाहावीत अशी. पण तो मारामारीचा गेम. त्यात टोळी नाही, लेव्हल नाही, रूपांतर नाही. रोल-प्लेइंगची जागा मराठी मुलखात अजून मोकळी आहे.

तेव्हा कुणा पोरापोरींना करायचाच असेल तर आराखडा माझ्याकडून फुकट. कामाक्षाची लढाई. पहिल्याच डावात तुमची कमावलेली, शस्त्रांनी लादलेली टोळी मेंढरं होते; मेनू उघडला की हल्ला, मंत्र, औषध सगळं गायब, फक्त ‘ओरडा’ आणि ‘चरा’. यादीच्या तळाशी एक नाव असतं, जिला तुम्ही अख्ख्या गेममध्ये कधी खेळवलेलं नाही, जिची लेव्हल वाढवायची तसदी घेतलेली नाही. आता तीच एक उभी. बॉसला मारायचं नाही. आधी योगदंड काढून घ्यायचा, मग बाकीचं. जिंकल्यावर गाव नाचतं, मेजवानी सुरू होते, ताशा कडाडतो. त्या गर्दीत खेळणाऱ्याने तिला शोधून आमंत्रण दिलं तर ठीक. नाही दिलं तर गेमने काही सांगू नये, सूचना देऊ नये. पुढच्या प्रकरणात टोळीची यादी उघडली की तिचं नाव नसेल. मग पूर्वेची टेकडी चढायची, आणि चढण्याआधी बाजारातून कोहळा घ्यायचा.