ब्रूटॅलिस्ट धातुभित्तिशिल्प

घरातील भिंतीवर टांगण्यासाठी धातूचे पत्रे, पट्ट्या, सळ्या वा खिळे कापून व जोडून केलेला खडबडीत पृष्ठाचा शिल्पप्रकार. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६० ते १९८० च्या दरम्यान तो विशेष लोकप्रिय होता.

ही संज्ञा वास्तुकलेतून आली. ल कॉर्ब्यूझ्येने मार्से येथील निवासवास्तूत (१९४७–५२) काँक्रीट गिलाव्याविना उघडे ठेवले. अशा कच्च्या काँक्रीटला फ्रेंचमध्ये ‘बेताँ ब्र्यूत’ म्हणतात. क्रौर्याशी शब्दाचा मुळात संबंध नाही. इंग्रज समीक्षक रेनर बॅनम याने १९५५ मध्ये ‘नवब्रूटॅलिझम’ची मीमांसा केली. भित्तिशिल्पांच्या संदर्भात मात्र ही संज्ञा काहीशी सैलपणे वापरली जाते. वास्तूतील ओबडधोबडपणा हा बांधणी न लपविण्याचा परिणाम असतो. शिल्पात तो बहुधा हेतुतः घडविलेली सजावट असते.

ऑक्सि-ॲसिटिलीन ज्योतीचे तापमान ३,०००° से.हून अधिक असते. तिने पत्रा कापला, की कडा वितळून दातेरी होतात. त्या कानसून गुळगुळीत न करणे हेच या शैलीचे मर्म. तुकडे वितळजोडाने किंवा पितळी झाळकामाने जोडतात. झाळकामात मूळ धातू वितळत नाही. वितळलेले पितळ पोलादावर थेंबाथेंबांनी साचून सोनेरी उठाव निर्माण होतो. तापविल्याने पोलादावर ऑक्साइडाचा अतिशय पातळ थर येतो व सु. २२०° ते ३००° से.च्या दरम्यान पिवळट, जांभळ्या, निळ्या छटा उमटतात. तांब्यावरील हिरवट थर रसायनांनीही आणतात.

हॅरी बर्टोया (१९१५–७८) याने न्यूयॉर्कमधील एका बँकेसाठी १९५४ मध्ये केलेला सु. २१ मी. लांबीचा धातुपट हा या प्रकाराचा भव्य पूर्वसूरी होय. घरगुती शिल्पांत सर्वाधिक आढळणारी स्वाक्षरी ‘सी. जेरे’ ही आहे. या नावाचा कोणी शिल्पकार नव्हता. कर्टिस फ्रायलर व जेरी फेल्स या मेहुण्यांनी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात ‘आर्टिझन हाउस’ ही कर्मशाळा काढली व स्वतःच्या नावांचे अंश जोडून ते घडविले. शिल्पे अनेक कारागीर हातांनी करीत. त्यामुळे ही स्वाक्षरी एका कलावंताची नसून कर्मशाळेची मुद्रा ठरते. जुन्या वस्तूंच्या बाजारात तर स्वाक्षरी नसलेली कामेही याच नावावर खपविली जातात. किंमत देण्यापूर्वी हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे.

जतनात घातक ठरतो तो स्वच्छतेचा अतिरेक. चकाकी आणणाऱ्या लेपाने घासल्यास ज्योतीने दिलेला रंग निघून जातो व तो पूर्ववत् करता येत नाही. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडणे पुरेसे असते. दमट हवेत पोलादी भाग प्रथम सांध्यांपाशी गंजतात. म्हणून मागील बाजू व टांगण्याचे आकडे अधूनमधून तपासावेत.