परदेशी मालक आणि गावचे घर

आपल्यापैकी पुष्कळ घरांतील कर्ते मुलगे आज पोटापाण्यासाठी आखाती देशांत आहेत. तेथे पोटाला चिमटा घेऊन शिल्लक टाकलेल्या पैशातून त्यांनी गावी चार पक्क्या भिंती उभ्या केल्या. आईवडील आहेत तोवर त्या घरात दिवा लागतो. पुढे कुलूप लागते. मग पत्रातून, फोनवरून एकच प्रश्न येतो: घर भाड्याने द्यावे, की बंदच ठेवावे? आम्ही वकील नव्हे, शिक्षक आहोत. तथापि अनेकांचे कागद वाचून देण्याचे काम आमच्याकडे येत असल्याने या विषयाची मोठी मोठी कलमे येथे सोपी करून सांगतो.

प्रथम एक भीती दूर केली पाहिजे. ‘भाडेकरू बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते’ असे सर्रास बोलले जाते. ही समजूत चुकीची आहे. बारा वर्षांची मुदत १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात आहे खरी. पण ती मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे जागा बळकावून बसणाऱ्यासंबंधी आहे. भाडेकरू मालकाच्या परवानगीने घरात येतो, आणि भाडेपट्टा चालू आहे तोवर त्याला मालकाचा हक्क नाकारता येत नाही. मात्र तो भाडेकरू आहे हे आपल्याला सिद्ध करता आले पाहिजे. उलट, ज्या बंद घराकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही, त्यावर एखाद्याने कब्जा केला तर तेथे मात्र ही मुदत मालकाच्या विरुद्ध धावू लागते. म्हणजे खरा धोका आहे तो कागद नसण्याचा आणि घरावर कोणाचे लक्ष नसण्याचा. परदेशी जाणाऱ्याने मागे दोन गोष्टी ठेवाव्या: एक कागद आणि एक माणूस.

कागद म्हणजे भाडेकरार, आपल्याकडचा किरायानामा. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा यांप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविलाच पाहिजे. नोंदणी टळावी म्हणून अकरा महिन्यांची चाल पडली. अडचण अशी की, मालक परदेशी असला की अकरा महिने संपतात, नवा कागद होत नाही, आणि भाडेकरू जुन्याच कागदावर पाच वर्षे राहतो. ज्याला घर दीर्घ मुदतीने द्यावयाचे आहे, त्याने दोनतीन वर्षांचा करार करून तो सरळ नोंदवून घ्यावा. त्यात भाडे, दरवर्षीची वाढ, अनामत रक्कम, घरपट्टी व विजेचे बिल कोणी भरावयाचे, दुरुस्ती कोणाकडे आणि मुदतीपूर्वी किती दिवसांची नोटीस, हे सारे स्पष्ट लिहावे. पंखे, दिवे, मोटर यांची यादी जोडावी. विजेचा मीटर बहुधा मालकाच्या नावावर असतो. थकबाकीही त्याच नावावर चढते. म्हणून भरलेल्या बिलाची प्रत दरमहा मागवावी.

माणूस म्हणजे मुखत्यार. येथेच घरोघरी मने दुखावतात. भाऊ भाड्याचे पैसे घेतो, त्यातून छप्पर दुरुस्त करतो, हिशेब तोंडी राहतो. तीन वर्षांनी परदेशी भावाला कमी पैसे मिळाल्यासारखे वाटते, आणि गावच्या भावाला आपण फुकट राबलो असे वाटते. दोघेही प्रामाणिक असतात, पण बोलणे बंद होते. म्हणून सख्ख्या भावालाही लेखी अधिकार द्यावा आणि वहीत हिशेब ठेवावा. त्यात अविश्वास नाही, नात्याचे रक्षण आहे. मुखत्यारपत्र आम न देता खास द्यावे: भाडे घेणे, पावती देणे, करार नोंदविणे, दुरुस्ती करणे, नोटीस देणे व दावा लावणे एवढेच. विकणे व गहाण ठेवणे हे शब्द त्यात नसावेत. परदेशात असताना ते भारतीय दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करून द्यावे, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक लावून घ्यावा.

घर रिकामे करून घेण्यासंबंधी १९६१ चा मध्य प्रदेश स्थान नियंत्रण कायदा ज्या शहरांना व भागांना लागू आहे, तेथे केवळ मुदत संपली एवढ्यावर भाडेकरूला काढता येत नाही. ठराविक कारण दाखवावे लागते. मागणीची नोटीस पोहोचल्यावर दोन महिन्यांत थकलेले भाडे न देणे, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, मालकाला स्वतःला राहण्यासाठी घराची खरी गरज असणे, ही त्यांतील मुख्य कारणे. पाणी वा वीज तोडून माणसाला हुसकावणे हा मार्ग नव्हे. तो बेकायदेशीर आहे. घर आपल्या भागात या कायद्याखाली येते की नाही, हे करारापूर्वीच बऱ्हाणपूरच्या वकिलाकडून विचारून घ्यावे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी असा हुकूम जिल्हाधिकारी वेळोवेळी काढतात, तोही पाळावा.

आता पैशाचे. परदेशी राहणाऱ्याने भाडे आपल्या जुन्या बचत खात्यात घेऊ नये; बँकेत ‘एनआरओ’ खाते करून त्यात घ्यावे. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के, कापून सरकारात भरावयाचा असतो. समजा भाडे दरमहा ६,००० रुपये आहे. महिन्याला १,८७२ आणि वर्षाला २२,४६४ रुपये कापले जातील. हे पाहून पुष्कळजण घाबरतात. पण वर्षाच्या ७२,००० रुपये भाड्यातून दुरुस्ती वगैरेसाठी ३० टक्के, म्हणजे २१,६०० रुपये, कायद्यानेच वजा होतात. उरलेले ५०,४०० रुपये करमाफ मर्यादेच्या पुष्कळच खाली आहेत. भारतात दुसरे उत्पन्न नसेल तर विवरणपत्र भरून कापलेली सर्व रक्कम परत मिळते. कपात कमी व्हावी म्हणून प्राप्तिकर खात्याकडून आधी दाखलाही मिळविता येतो.

शेवटी भाडेकरूविषयी. १९५६ साली पंडित नेहरूंनी नेपानगरचा कागद कारखाना राष्ट्रास अर्पण केला. अशा कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या चांदनीला बाहेरगावचा नोकरदार नवा नाही. तोही आपल्या मुलासारखाच घरापासून दूर आलेला असतो. परदेशात आपला मुलगाही कोणाचा तरी भाडेकरूच आहे. तेथल्या मालकाने वेळेवर पावती द्यावी, गळके छप्पर नीट करावे, अनामत परत करावी, असे आपल्याला वाटते. तेवढेच आपल्या भाडेकरूला द्यावे. असे झाले तर घरात दिवा लागतो, भिंतींना ओल धरत नाही, आणि मालक परत येईल त्या दिवशी त्याला आपले घर उभे सापडते.