पित्त उठलं, की गोळी बाधली?

अंगावर लाल, खाजणाऱ्या गांधी आल्या की आपण म्हणतो, 'पित्त उठलं'. छातीत जळजळलं तरी पित्तच! मग आमसुलाचं पाणी लावायचं, अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायची, आणि जिच्यामुळे हे झालं ती गोळी चालूच ठेवायची. इथे चिंचोळी एमआयडीसीत शिफ्ट संपली की कंबर धरलेला माणूस मेडिकलमधून दोन गोळ्या कापून घेतो. त्या तुकड्यावर नाव असतं अर्धंच.

दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, गांधी उठवण्यात पुढे असतात. बऱ्याच जणांत ही खरी अ‍ॅलर्जी नसते. या गोळ्या शरीरातलं एकच एन्झाइम अडवतात, तोल बिघडतो आणि त्वचेतल्या पेशी हिस्टामिन सोडतात. त्यामुळे गोळी बदलून भागत नाही. ब्रुफेन बाधली म्हणून कॉम्बिफ्लाम घेतली, तर तिच्यातही आयब्युप्रोफेनच आहे. साध्या डोसात पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, पण तेही डॉक्टरांना विचारूनच.

अँटिबायोटिकचं वेगळं. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन किंवा त्यांच्या भावकीतलं सेफॅलोस्पोरिन पहिल्यांदा घेतलं की शरीर गुपचूप प्रतिपिंडं बनवतं. रिअ‍ॅक्शन येते पुढच्या खेपेला, बहुधा तासाभरात. म्हणून 'मागं घेतली होती, काही झालं नाही' याला अर्थ नाही. उलटही खरं आहे: परदेशात 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' असं नोंदलेल्यांची तपासणी केली, तर दहातल्या नऊ जणांना ते चालतं असं दिसलं. उगाच शिक्का बसला की चांगलं औषध हातचं जातं.

एकेक गांध साधारण 24 तासांत विरते, दुसरीकडे नवी उठते. ओठावर किंवा अंगावर दर वेळी त्याच जागी काळसर चट्टा येत असेल, तर ती गांध नव्हे; पण कारण औषधच असू शकतं, सल्फा किंवा ऑर्निडाझोल वगैरे. रक्तदाबाची एनालाप्रिल, रामिप्रिल तर खाज न आणता ओठ सुजवतात, तेही कधी कधी काही महिन्यांनी.

जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली तर 108 लावा. माणसाला आडवं करा, दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवू नका. आधी मांडीत अ‍ॅड्रेनालिन लागतं, अ‍ॅव्हिल नंतर.

आणि गोळी कापून घेण्याआधी अख्ख्या पाकिटाचा मोबाइलवर फोटो काढा. कंपनीचं नाव नको, घटकाचं हवं.