इंजिन बदललेल्या जुन्या मालट्रकला इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर पेडल बसविणे : तत्त्व, रीत आणि दक्षता

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेलगत झाई हे मच्छिमारांचे गाव वसलेले आहे. झाई-डहाणू किनारपट्टीवरील मासळी आणि घोलवड परिसरातील चिकू मोठ्या प्रमाणावर रस्त्याने बाजारपेठेत जातात. अशा वाहतुकीचा आधार असलेल्या मालट्रकचा देशातील इतिहास जुना आहे. टेल्कोने डायम्लर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेदपूर येथे मालट्रकचे उत्पादन सुरू केले. त्या पिढीतील वाहनांची चेसिस भक्कम असल्याने इंजिन थकले तरी गाडी मोडीत काढण्यास मालकाचे मन धजत नाही. जुन्या इंजिनाच्या जागी कॉमन रेल पद्धतीचे इंजिन बसविले, की चालकाच्या उजव्या पायाखालील पेडलचा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात या पेडलचे कार्य, जोडणी आणि किनारी हवामानात घ्यावयाची दक्षता यांचा विचार केला आहे.

यांत्रिक व इलेक्ट्रॉनिक पेडल : मूलभूत भेद

जुन्या डिझेल मालट्रकमध्ये पेडलपासून फ्युएल पंपापर्यंत सळया व दांडे किंवा केबल असते. पाय दाबला, की पंपाचा दांडा सरकतो आणि गव्हर्नरच्या नियंत्रणाखाली इंधन वाढते. कॉमन रेल इंजिनात असा दांडाच नसतो. किती इंधन, कोणत्या क्षणी फवारायचे, हे नियंत्रक संगणक ठरवितो. गॅरेजमध्ये यालाच ईसीएम म्हणतात. पेडल केवळ चालकाची मागणी विद्युतदाबाच्या रूपाने कळविते. म्हणून हे पेडल इंजिनाचा नव्हे, तर ईसीएमचा सुटा भाग मानणे अधिक योग्य होय.

या पेडलमध्ये सामान्यतः दोन स्वतंत्र संवेदक असतात. प्रत्येकास ५ व्होल्टचा पुरवठा, परतीची तार आणि संकेताची तार, अशा एकूण सहा तारा येतात. एका प्रचलित रचनेत पाय उचललेला असता पहिला संवेदक सुमारे १ व्होल्ट व दुसरा त्याच्या निम्मा, म्हणजे ०.५ व्होल्ट दाखवितो. पेडल दाबत गेल्यास दोन्ही वाढतात, परंतु त्यांचे प्रमाण कायम राहते. हे प्रमाण बिघडले, की ईसीएम पेडलवर विश्वास ठेवत नाही, धोक्याचा दिवा लावतो आणि इंजिनाची शक्ती मर्यादित करतो. दोन साक्षीदारांच्या जबान्या ताडून पाहण्याचाच हा प्रकार आहे.

जोडणीची रीत

पहिली दक्षता निवडीची. ज्या वाहनातून इंजिन घेतले, त्याच वाहनाचे पेडल, ईसीएम व वायरिंग एकत्र घ्यावे. दिसण्यास सारख्या दोन पेडलांची विद्युतप्रमाणे भिन्न असू शकतात.

दुसरी दक्षता बैठकीची. जुन्या केबिनचा पातळ पत्रा पायाच्या जोराने वाकतो. म्हणून आतून जाड पोलादी पट्टी देऊन पेडल बोल्टांनी घट्ट बसवावे. पेडल पूर्ण दाबले असता ते स्वतःच्या मर्यादेवर थांबावे, केबिनच्या तळावर किंवा चटईवर नव्हे. ब्रेकच्या पेडलपासून त्याचे अंतर व उंची अशी असावी, की बूट घातलेला पाय एकाच वेळी दोहोंवर पडणार नाही.

तिसरी दक्षता तारांची. अनेक जुने मालट्रक २४ व्होल्टचे असतात. संवेदकास बॅटरीतून नव्हे, तर ईसीएमकडूनच ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा. परतीची तार चेसिसला न जोडता ईसीएमच्या नेमलेल्या टोकालाच न्यावी. या तारा स्टार्टर व अल्टरनेटरच्या जाड तारांपासून दूर ठेवाव्यात. ब्रेकचा स्विचही विसरू नये. ब्रेक दाबल्याची सूचना मिळाली, की अनेक ईसीएम ॲक्सिलरेटरची मागणी बाजूला सारतात.

शेवटी इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवावी, पेडल सावकाश दाबावे आणि मल्टिमीटरवर दोन्ही संकेत न अडखळता वाढतात काय, हे पाहावे. त्यानंतरच चाकांना अडथळे लावून इंजिन सुरू करावे.

किनारी हवामानाचा प्रश्न

समुद्रकाठी खारी हवा, तर मासळीच्या गाडीत बर्फाचे खारट पाणी तारांच्या जोडांपर्यंत पोहोचते. तांब्यावर हिरवट गंज चढतो व जोडाचा रोध वाढतो. उदाहरणादाखल, दुसऱ्या संवेदकाच्या परतीच्या जोडात २० ओहम रोध निर्माण झाला आणि प्रवाह १० मिलिअँपिअर असला, तर ०.२ व्होल्ट तेथेच अडकतात. परिणामी ०.५ व्होल्टऐवजी सुमारे ०.६८ व्होल्टचा संकेत जातो. फरक लहान असला तरी प्रमाण बिघडते आणि भरलेली गाडी महामार्गावर एकाएकी मंदावू शकते. मागून भरधाव वाहने येत असता हे जिवावर बेतू शकते. म्हणून रबरी सीलचे जोड वापरावेत, ते केबिनच्या आत व उंचावर ठेवावेत आणि पावसाळ्यापूर्वी तपासावेत.

अशा वेळी एक घातक युक्ती सुचविली जाते. पहिल्या संवेदकाचा संकेत रोधकांच्या साहाय्याने निम्मा करून दुसऱ्याच्या जागी जोडला, की दिवा विझतो. परंतु मग एकाच साक्षीदाराची जबानी दोनदा नोंदविली जाते. तो संवेदक चुकीने जास्त दाब दाखवू लागल्यास ती चूक ओळखणारे कोणी उरत नाही आणि पाय उचललेला असतानाही इंजिनाची गती वाढू शकते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे इंजिन बदलण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी. २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम झाले. मात्र ते ५० वर्षांहून जुन्या, वैयक्तिक वापराच्या व मूळ स्वरूपातील दुचाकी-चारचाकींपुरते आहेत. इंजिन बदललेल्या मालवाहू ट्रकला त्यांचा आधार मिळत नाही.

निष्कर्ष

इलेक्ट्रॉनिक पेडल बसविणे म्हणजे सळईच्या जागी तार जोडणे नव्हे. चालकाचा पाय आणि इंजिन यांमध्ये आता एक तपासनीस आलेला असतो. त्याला दोन स्वतंत्र व स्वच्छ संकेत मिळतील अशी जोडणी करणे हे मिस्त्री व वायरमन यांचे कर्तव्य ठरते. धोक्याचा दिवा लागल्यास तो विझविण्याची नव्हे, तर तो का लागला हे शोधण्याची सवय गॅरेजमध्ये रुजणे आवश्यक आहे.