आरशामागचं भगदाड

एप्रिल १९८७. शिकागोच्या पश्चिम भागातल्या एका सरकारी वसाहतीतून रात्री पोलिसांना फोन गेला. फोन करणारी बाई सांगत होती, की शेजारच्या घरातली माणसं न्हाणीघरातलं कपाट पाडून आपल्या घरात शिरताहेत. ऐकणाऱ्याला ती भ्रमिष्ट वाटावी, असंच ते बोलणं होतं. पोलीस आले, त्यांनी दार ठोठावलं आणि आतून उत्तर आलं नाही म्हणून ते निघून गेले. दोन दिवसांनी दार उघडलं तेव्हा आत तिचा मृतदेह होता. तिला गोळ्या घातल्या होत्या. ती कृष्णवर्णीय होती, गरीब होती, मानसिक आजारी होती. पण तिनं सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. त्या इमारतींत लगतच्या दोन न्हाणीघरांच्या मध्ये नळदुरुस्तीसाठी अरुंद बोळ सोडलेला असे. भिंतीतलं आरशाचं कपाट ओढून काढलं, की त्या बोळातून पलीकडच्या घरात जाता येई. चोरांना ही वाट ठाऊक होती आणि रहिवाशांनाही.

‘शिकागो रीडर’ या साप्ताहिकात स्टीव्ह बोगिरा या पत्रकारानं ही हकिगत त्याच वर्षी लिहिली. पाच वर्षांनी पडद्यावर आलेल्या ‘कॅन्डीमॅन’ या भयपटात हेच आरशामागचं भगदाड आहे. अमेरिकी भयपटांत या चित्रपटाचं स्थान फार वरचं आहे, आणि माझ्या मते त्याचं कारण त्यातल्या भुतापेक्षा या भगदाडात जास्त आहे.

मूळ कथा क्लाइव्ह बार्कर या इंग्रज लेखकाची, १९८५ची. ती इंग्लंडमधल्या एका पालिका वसाहतीत घडते. दिग्दर्शक बर्नार्ड रोज हाही इंग्रजच, पण त्यानं कथा उचलून शिकागोतल्या कॅब्रिनी-ग्रीनमध्ये नेली. १९४२ मधल्या बैठ्या घरांपासून सुरू झालेली ही वसाहत पुढच्या वीस वर्षांत उंच इमारतींनी वाढली आणि एके काळी तिथे पंधरा हजारांच्या आसपास माणसं राहत होती. पुढे देखभाल थांबली, लिफ्ट बंद पडल्या, टोळ्या आल्या. गुन्हेगारीचा बोभाटा इतका झाला, की १९८१ मध्ये शिकागोच्या महापौर जेन बर्न काही आठवडे स्वतः तिथे राहायला गेल्या. श्रीमंतांचा गोल्ड कोस्ट तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

चित्रपटाची नायिका हेलन लाइल शहरी दंतकथांवर प्रबंध लिहिते आहे. आरशासमोर पाच वेळा ‘कॅन्डीमॅन’ म्हटलं, की हाताच्या जागी आकडा असलेला माणूस मागे उभा राहतो, अशी ही दंतकथा. नाव उच्चारण्याची कल्पना बार्करच्या कथेत नाही. अमेरिकी मुली एकमेकींना घाबरवायला आरशासमोर ‘ब्लडी मेरी’ म्हणतात, त्यावरून रोजनं ती घेतली. आकड्याच्या हाताचा खुनीही तिथल्या तरुणांच्या तोंडी १९५०च्या दशकापासून आहे. अशा गोष्टी कुणाच्याच बाबतीत घडलेल्या नसतात; त्या नेहमी मित्राच्या मित्राच्या बाबतीत घडतात. यान हॅरल्ड ब्रुनव्हान्ड या लोकसाहित्याच्या अभ्यासकानं १९८१ मध्ये त्यांचं पुस्तकच काढलं. आरशाची भीती मात्र निव्वळ ऐकीव नव्हे. इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठातले जिओव्हानी कापुटो यांनी २०१० मध्ये प्रयोगाअंती दाखवलं, की अंधूक उजेडात आरशात एकटक पाहत राहिलं, तर अनेकांना स्वतःचा चेहरा विद्रूप होताना किंवा भलताच चेहरा दिसू लागतो.

हेलनला एका गोष्टीचा शोध लागतो आणि तिथे चित्रपट खरा पकड घेतो. तिची स्वतःची महागडी इमारतही मुळात कॅब्रिनीसारखीच सरकारी वसाहत म्हणून बांधलेली आहे. ही इमारत आणि गोल्ड कोस्ट यांच्यामध्ये हमरस्ता किंवा रेल्वे असं काहीच आडवं येत नाही, हे ध्यानात आल्यावर तिला गिलावा करून ती श्रीमंतांना विकली गेली. हेलन आपल्या न्हाणीघरातलं आरशाचं कपाट ओढते, तर मागे तेच भगदाड. पुढे कॅब्रिनीतल्या अशाच भगदाडातून ती सरपटत पलीकडे जाते आणि कॅमेरा मागे सरकतो, तेव्हा दिसतं, की भिंतीवर रंगवलेल्या अक्राळविक्राळ चेहऱ्याच्या उघड्या तोंडातून ती बाहेर पडते आहे. फिलिप ग्लासचं ऑर्गन आणि समूहस्वरांचं संगीत या दृश्यांना प्रार्थनाघराचं गांभीर्य देतं.

कॅन्डीमॅन हा गुलामाचा मुलगा. चित्रकार. एका गोऱ्या जमीनदाराच्या मुलीवर प्रेम केलं म्हणून जमावानं १८९० मध्ये त्याचा हात करवतीनं कापला, अंगाला मध फासून मधमाश्या सोडल्या आणि जिथे पुढे कॅब्रिनी-ग्रीन उभी राहिली, त्याच जमिनीवर त्याला जाळलं. टोनी टॉडनं हे भूत राजबिंडं आणि दुःखी केलं आहे. तोंडातल्या मधमाश्या खऱ्या होत्या; दर दंशामागे हजार डॉलर मिळावेत असा करार त्यानं केला होता आणि मालिकेतल्या तीन चित्रपटांत मिळून २३ दंश झाल्याचं तो सांगे.

मला या चित्रपटातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग भुताचा वाटत नाही. वसाहतीतला एक गुंड कॅन्डीमॅनचं नाव लावून हेलनला मारहाण करतो आणि पोलीस लगेच वसाहत पिंजून त्याला पकडतात. त्याआधी तिथे दोन खून झालेले असतात, तेव्हा काहीच हललेलं नसतं. गोऱ्या बाईला मार बसला, तेव्हा कायदा जागा झाला, हे हेलनलाही कळतं. रहिवासी भुतावर का विश्वास ठेवतात, याचं उत्तर इथे मिळतं. ज्या खुनांची दखल चौकीत कुणी घेत नाही, ते दंतकथेत तरी नोंदले जातात.

तरीही या चित्रपटावरचा एक आक्षेप मला मान्य आहे. कॅब्रिनी आपल्याला दिसते ती हेलनच्या डोळ्यांनी, बाहेरून आलेल्या भेदरलेल्या नजरेनं. तिथलं रोजचं जगणं, शेजारधर्म, लहान मुलांचे खेळ पडद्यावर फारसे येत नाहीत. शेवटी भिंतीवर ज्वाळांच्या केसांची देवता म्हणून जी रंगवली जाते, तीही हेलनच.

निया डाकोस्टानं २०२१ मध्ये याच नावाचा नवा चित्रपट केला, तोवर उंच इमारती पाडून झाल्या होत्या. शेवटची २०११ मध्ये पडली. तिच्या चित्रपटात कॅन्डीमॅन एकटा उरत नाही. वेगवेगळ्या काळात अन्यायानं मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांची ती रांगच आहे. नायक अँथनी हा कॅब्रिनीच्या जागी उभ्या राहिलेल्या उंची वस्तीत राहणारा चित्रकार. आपण कॅब्रिनीत जन्मलो, हे त्याला माहीतच नाही. १९९२ च्या चित्रपटात हेलननं आगीतून वाचवलेलं तान्हं बाळ तेच. त्याच्या आईनं आणि शेजाऱ्यांनी कॅन्डीमॅनचं नाव पुन्हा कधीही उच्चारायचं नाही असं ठरवलेलं असतं, आणि अँथनी ते पहिल्यांदा ऐकतो, ते कॅब्रिनीतल्या एका जुन्या रहिवाशानं सांगितलेल्या गोष्टीत.